नकलेला अक्कल लागते

पाचोडला रेल्वे नाही. संभाजीनगरहून (तेव्हाच्या औरंगाबादहून) बीडकडे निघालात की धुळे-सोलापूर हायवेवर पाचोड लागतं. मोसंबीचा बाजार आहे, आठवडी बाजार आहे, एसटी स्टँड आहे, हायवेवर रात्रंदिवस ट्रक आहेत. फक्त रूळ नाहीत. सोलापूरहून बीडमार्गे जळगावपर्यंत रेल्वे न्या, ही या पट्ट्यातली मागणी कितीतरी वर्षं जुनी आहे.

आता अशा गावातल्या एखाद्या पोराला आगगाडी बनवायची असेल तर? खरी नाही हो, खेळण्यातली. तुकड्याला तुकडा जोडून, स्वतःच्या डोक्याने. दुकानातला तयार डबा उघडून चित्रात दाखवलंय तसं जोडणं वेगळं. स्वतः डिझाइन करायचं आणि दुसऱ्याला ते जसंच्या तसं करता यावं म्हणून त्याची कृती द्यायची, हे वेगळं. लेगोवाल्या मंडळींत याला ‘एमओसी’ म्हणतात, म्हणजे ‘माझी स्वतःची निर्मिती’. जगभर हजारो मोठी माणसं (होय, मोठी!) शनिवार-रविवार हेच करतात. स्टेशनं, देवळं, पूल, इंजिनं. या छंदाचा इतिहास वाचत गेलो तेव्हा जाणवलं की तो प्लॅस्टिकच्या विटेचा इतिहास कमी आणि नकलेचा इतिहास जास्त आहे. आणि त्यात आपल्या मराठवाड्याचे धागे भरपूर आहेत.

कुठलीही निर्मिती एका घरातून दुसऱ्या घरात पोचायला तीन गोष्टी लागतात. माप, नोंद आणि परवानगी. एकेक करून बघू.

आधी माप.

मापाचं महत्त्व मराठवाड्याला कुणी शिकवायला नको. निजामाच्या रेल्वेने विसाव्या शतकाच्या तोंडावर मनमाड-औरंगाबाद-जालना-परभणी करत हैदराबादकडे जो मार्ग टाकला तो मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत १००० मिलिमीटर अंतर. मनमाडहून मुंबईला जाणारा मार्ग ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटर. ६७६ मिलिमीटरचा फरक. एवढ्याशा फरकामुळे मनमाडला अख्खी गाडी बदलायची. माणसांनी ट्रंका घेऊन उतरायचं, मालाची पोती या डब्यातून त्या डब्यात टाकायची. आमच्या भाषेत बोलायचं तर दोन्ही सिस्टीम उत्तम, पण इंटरफेस जुळत नाही. हे थेट १९९० च्या दशकात गेज बदलेपर्यंत चाललं. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं!

खेळण्यांच्या जगात हा धडा सगळ्यात आधी ज्यांनी नीट घेतला त्यांत लिव्हरपूलचे फ्रँक हॉर्नबी. १९०१ मध्ये त्यांनी पेटंट घेतलेल्या खेळण्याचं पुढे नाव झालं मेकॅनो. भोकं पाडलेल्या पत्र्याच्या पट्ट्या आणि नट-बोल्ट. (ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या मंडळींना ‘मेकॅनिक्स’चा डबा आठवत असेल. तोच प्रकार.) यातली हुशारी पट्टीत नव्हती, भोकांत होती. कुठलीही पट्टी घ्या, दोन भोकांमधलं अंतर अर्धा इंच. एवढं एक ठरलं की कुठलाही तुकडा कुठल्याही तुकड्याला लागतो. १९१६ पासून ‘मेकॅनो मॅगझिन’ निघायला लागलं आणि वाचकांनी केलेली मॉडेलं त्यात छापून यायला लागली. एकाने क्रेन बनवायची, दुसऱ्या गावातल्या पोराने ती पाहून तशीच करायची. आज आपण ज्याला ‘शेअर करणं’ म्हणतो ते हेच.

आता वीट. इथे एक गंमत आहे. लेगोची वीट लेगोची नाही! ब्रिटनमध्ये हिलरी फिशर पेज या गृहस्थांची किडीक्राफ्ट नावाची कंपनी होती. वर गुंड्या असलेल्या, एकमेकींवर बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटा त्यांनी १९४७ मध्ये बाजारात आणल्या होत्या. डेन्मार्कमधल्या बिलुंडच्या ओले कर्क क्रिस्टियान्सन या सुताराच्या कंपनीने त्या पाहिल्या, थोडे फेरफार केले आणि १९४९ मध्ये स्वतःच्या म्हणून विकायला सुरुवात केली. पण या विटा आतून पोकळ होत्या. वर बसायच्या, पण घट्ट धरायच्या नाहीत. ओले कर्क यांचे चिरंजीव गॉटफ्रेड यांच्या काळात त्यावर उपाय निघाला आणि २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी अर्ज गेला. विटेच्या पोटात नळ्या. दोन बाय चारच्या विटेत तीन. खालच्या विटेच्या गुंड्या वरच्या विटेच्या भिंती आणि नळ्या यांच्यामध्ये चिमटीत धरल्यासारख्या बसतात. मुलाच्या हाताने निघतील इतक्या सैल, आणि उलटं धरलं तरी पडणार नाहीत इतक्या घट्ट. पेज मात्र १९५७ मध्येच वारले होते. लेगोने किडीक्राफ्टच्या विटेचे हक्क पुढे १९८१ मध्ये रीतसर विकत घेतले.

म्हणजे नक्कल झाली का? झाली. पण त्या तीन नळ्यांसाठी अक्कल लागली. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे माप मोडलं नाही. दोन गुंड्यांमध्ये ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६ मिलिमीटर, चपट्या तुकड्याची ३.२, म्हणजे बरोबर एक तृतीयांश. १९५८ ची वीट आजच्या विटेवर बसते. साठ वर्षांहून जास्त काळ बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी! आपल्यापैकी कितीजणांचं सॉफ्टवेअर पाच वर्षं तरी टिकतं? :)

माप ठरलेलं असलं की आपली गाडी त्यात बसवणं हे गणित होतं. करून बघू. लेगोच्या दोन रुळांमधलं अंतर साधारण ३७.५ मिलिमीटर. आपला ब्रॉडगेज १६७६. भागाकार केला की प्रमाण येतं साधारण १:४५. आपला जुना निळा आयसीएफ डबा सव्वातीन मीटरच्या आसपास रुंद आणि २१ मीटरहून थोडा लांब. ४५ ने भागलं की रुंदी होते ९ गुंड्या आणि लांबी जवळपास ६०. आता अडचण अशी की लेगोच्या नेहमीच्या वळणाची त्रिज्या आहे ४० गुंड्या. ६० गुंड्यांचा डबा ४० च्या वळणावर घातलात तर पोट आत घुसतं आणि टोकं बाहेर फेकली जातात. शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी आलीच तर टक्कर ठरलेली. मीटरगेजची गाडी करायला गेलात तर प्रमाण येतं १:२७, म्हणजे डबा आणखी अवाढव्य.

मग करायचं काय? कापायचं. पण कुठे कापायचं यातच सगळी कला आहे. रुंदी ८ वर आणायची, लांबी जवळपास निम्मी, खिडक्या कमी करायच्या, पण खिडक्यांचे आडवे गज, दाराशेजारची दांडी आणि छपराची गोलाई सोडायची नाही. कारण पाहणारा माणूस खिडक्या मोजत नाही. त्याला ‘ही आपली पॅसेंजर’ असं एका नजरेत वाटलं पाहिजे. हुबेहूब नक्कल इथे शक्यच नसते. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवावं लागतं आणि त्यासाठी मूळ गोष्ट नीट पाहावी लागते.

यावरून थेट बीबी-का-मकबऱ्यावर येतो.

लेगोने २००८ मध्ये ताजमहाल काढला. ५,९२२ तुकडे. तोपर्यंतचा त्यांचा सर्वांत मोठा संच. तो बंद झाल्यावर जुन्या डब्यांचे भाव चढत गेले आणि २०१७ मध्ये कंपनीने तो पुन्हा आणला. आता औरंगाबादकरांच्या मनात लगेच येणारा प्रश्न: आणि आमचा मकबरा? तर मकबरा हा मुळात ताजचा ‘एमओसी’ आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. हसू नका, ऐका.

औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ मध्ये वारली. तिच्यासाठी हा मकबरा बांधला. प्रवेशद्वारावरच्या लेखात दोन नावं येतात. वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय. अताउल्ला हा उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा, आणि उस्ताद अहमद म्हणजे ताजच्या वास्तुकारांत ज्याचं नाव घेतात तो. म्हणजे बापाच्या डिझाइनवरून मुलाने केलेलं डिझाइन. फरक बजेटचा. ताजला तीन कोटी वीस लाख रुपये लागले असं सांगितलं जातं. मकबऱ्याचा आकडा सहा लाख अडुसष्ट हजारांच्या घरातला सांगतात. जवळजवळ पन्नासावा हिस्सा!

पन्नासाव्या हिश्शात ताज कसा बांधायचा? अताउल्ला-हंसपतराय जोडीने काय केलं ते जाऊन बघा. खाली साधारण कमरेच्या पट्ट्यापर्यंत, म्हणजे जिथे हात लागतो तिथे, संगमरवर. त्याच्या वर घुमटाच्या बैठकीपर्यंत आपला दख्खनचा काळा बेसाल्ट, आणि त्यावर घोटून गुळगुळीत केलेला चुन्याचा गिलावा, त्यात नक्षी. आणि घुमट पुन्हा संगमरवरी, कारण दुरून सगळ्यात आधी दिसतो तो घुमट. लेगोवाले नेमकं हेच करतात. महागडा, दुर्मिळ तुकडा दर्शनी भागाला आणि आत, मागे, पोटात जे हाताशी असेल ते. लोक मकबऱ्याला ‘गरिबांचा ताज’ म्हणून हिणवतात. मला तर तो मर्यादित तुकड्यांत केलेला देखणा जुगाड वाटतो.

आता हा मकबरा विटांत करायचा तर? लेगोच्या माणसाच्या मापाने (तो साधारण ४ सेंटिमीटर उंच, म्हणजे प्रमाण १:४२ च्या आसपास) करायला गेलात तर ४५८ बाय २७५ मीटरचं आवार होतं जवळपास ११ मीटर लांब आणि साडेसहा मीटर रुंद. सोसायटीचं पार्किंग लागेल. एका गुंडीला एक मीटर धरलं तरी ३.६६ बाय २.२ मीटर, म्हणजे तुमच्या टू बीएचकेची एक बेडरूम गेली. त्यामुळे बाग सोडायची, चौथरा, चार मिनार आणि घुमट ठेवायचे. पुन्हा तेच. काय ठेवायचं, काय सोडायचं.

दुसरी गोष्ट, नोंद.

आपल्याकडे मॉडेल बनवायची परंपरा नाही असं कुणी म्हणालं तर त्याला दिवाळीत पुण्याला, कोल्हापूरला किंवा मुंबईतल्या एखाद्या चाळीत घेऊन जा. अंगणातला किल्ला! दगड, विटा, गोणपाट, चिखल, त्यावर पेरलेले अळीव नाहीतर मोहरी, बुरुज, तळं, मातीचे मावळे आणि वर सिंहासनावर महाराज. प्रमाण, उतार, पाण्याचा निचरा, सगळं पोरं स्वतः सोडवतात. पण भाऊबीज झाली, तुळशीचं लग्न झालं, की किल्ला मोडतो. आणि त्याबरोबर डिझाइनही जातं. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. थोरल्या दादाच्या हातात जे कसब होतं ते तो इंजिनिअरिंगला गेला की संपलं. बॅकअप नाही.

दुसरं टोक म्हणजे पुण्यात कोथरूडला असलेलं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय. भाऊ जोशींनी छंद म्हणून गाड्या बनवायला सुरुवात केली आणि १ एप्रिल १९९८ रोजी त्याचं कायमचं संग्रहालय झालं. गाड्या, सिग्नल, उड्डाणपूल, सर्कस, रात्रीचे दिवे, सगळं शहर एका टेबलावर. अजून पाहिलं नसेल तर मुलांना घेऊन जरूर जा. पण ते एका माणसाच्या आयुष्याचं काम आहे. त्याची फाइल पाचोडला पाठवता येत नाही, कोथरूडलाच जावं लागतं.

मग फाइल कुणी केली? जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन तरुणाने. १९९५ मध्ये त्याने एलड्रॉ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. त्यातली कल्पना इतकी साधी आहे की वाचून आपल्यातल्या प्रत्येकाला ‘हे मला का नाही सुचलं’ असं वाटेल. एक तुकडा म्हणजे टेक्स्ट फाइलमधली एक ओळ. ही बघा, देवनागरीत लिहून:

१ ४ ० ० ० १ ० ० ० १ ० ० ० १ ३००१.डॅट

पहिला १ म्हणजे ‘ही तुकड्याची ओळ आहे’. ४ म्हणजे लाल रंग. पुढचे तीन आकडे म्हणजे जागा. त्यापुढचे नऊ म्हणजे तुकडा कसा फिरवला आहे त्याचा मॅट्रिक्स (इथे अजिबात फिरवलेला नाही). आणि ३००१ म्हणजे दोन बाय चारची वीट. यावर दुसरी वीट ठेवायची तर ओळ तीच, फक्त जागेतला मधला आकडा उणे २४, कारण एका विटेची उंची २४ एकक धरली आहे आणि वर जाणं म्हणजे उणे. संपलं! अख्खा मकबरा अशा काही हजार ओळींत मावतो, ईमेलने जातो आणि उघडणाऱ्याला वीट न् वीट दिसते. कुठला तुकडा किती लागेल याची यादीही आपोआप निघते.

जेसिमन १९९७ मध्ये, अवघ्या २६ व्या वर्षी गेला. पण फॉरमॅट उघडा होता, म्हणून तो टिकला. अनोळखी लोकांनी तो पुढे नेला, नवीन तुकड्यांची हजारो चित्रं त्यात भरली, आणि त्याच फॉरमॅटवर आजही लोक डिझाइन करतात. दादा गेला तरी किल्ला राहिला, असं म्हणा हवं तर.

तिसरी गोष्ट परवानगीची. ही सगळ्यात नाजूक.

विटेची पेटंटं संपल्यावर दुसऱ्या कंपन्यांनी तशाच विटा काढल्या. लेगोने कोर्टात सांगितलं की गुंड्यांचा हा आकार म्हणजे आमची ओळख आहे, आमचा ट्रेडमार्क आहे. २००५ मध्ये कॅनडाच्या आणि २०१० मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिलं, नाही. जो आकार काम करतो म्हणून तसा आहे त्यावर ट्रेडमार्कच्या वाटेने कायमची मालकी मिळत नाही. गंमत बघा. ज्या कंपनीची सुरुवात नकलेतून झाली तिलाच नक्कल थांबवता आली नाही. पण विटेची नक्कल वेगळी आणि तुम्ही रात्री जागून केलेल्या डिझाइनची नक्कल वेगळी. कंपनीने २००८ मध्ये जपानमधून एक योजना सुरू केली. तुमच्या डिझाइनला १०,००० लोकांचा पाठिंबा मिळाला तर ते विचारात घेतलं जातं, आणि संच निघालाच तर विक्रीतला एक टक्का तुमचा. एक टक्का कमी की जास्त यावर वाद घालता येईल. पण डिझाइन करणाऱ्याला त्याचं श्रेय मिळतं, हे महत्त्वाचं.

याच्या बरोबर उलट वाट एका आयआयटीवाल्याने धरली. अरविंद गुप्ता. कानपूर आयआयटीतून बाहेर पडून पुण्यात टेल्कोत नोकरी करत होते. १९७८ मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेले. तिथल्या आठवडी बाजारात त्यांना सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी दिसली आणि लक्षात आलं की आगकाडी तिच्यात घट्ट बसते. झाला मेकॅनो! नळीच्या तुकड्यात दोन बाजूंनी दोन काड्या खोचल्या की दोनाचा सांधा. मध्ये सुईने भोक पाडून तिसरी घातली की तिनाचा. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चार काड्यांचा चौकोन मात्र लगेच तिरका होतो. रेल्वेच्या लोखंडी पुलात सगळीकडे त्रिकोण का असतात हे पोराला हाताने कळतं. आणि हे सगळं गुप्तांनी मोफत दिलं. पुस्तकं, चित्रं, व्हिडिओ, सगळं. घ्या, करा, वाटा. पुढे आयुकाच्या विज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं हेच केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

लक्षात घ्या, त्यांनी माप नवीन काढलं नाही. जे माप आधीच गावोगाव पोचलेलं होतं ते ओळखलं. आगपेटी आणि सायकलचं दुकान जिथे नाही असं गाव शोधून दाखवा. जी गोष्ट बिलुंडला कारखाना टाकून करावी लागली ती आपल्याकडे किराणा दुकानात पडून होती!

म्हणून मला वाटतं, पाचोडच्या पोराच्या आगगाडीची अडचण तुकड्यांची नाहीच. खरी लेगो महाग आहे हे मान्य. पण आगकाड्या आहेत, पुठ्ठा आहे, विटांच्या स्वस्त देशी नकला आहेत, आणि फोनवर फुकट चालणारी डिझाइनची सॉफ्टवेअर आहेत, ज्यात एकही वीट विकत न घेता दहा हजार विटा लावता येतात. अडचण अशी की त्याला नक्कल करायला समोर आपलं काहीच नाही. जर्मन इंजिनं, जपानी बुलेट ट्रेन, न्यूयॉर्कच्या इमारती, सगळ्यांच्या कृती मिळतील. पण मराठवाड्यातून धावलेली मीटरगेजची पॅसेंजर? ती नीट आठवणारी माणसं आता चाळिशीच्या पलीकडे गेली. औरंगाबाद बावन्न दरवाज्यांचं शहर म्हणवायचं. त्यातले बरेच दरवाजे आता नाहीत. मलिक अंबरने १६१२ मध्ये बांधलेला भडकल दरवाजा उभा आहे. गावोगावच्या गढ्या, वेशी, वाडे एकेक करून बसत चालले आहेत. सरकारी नोंदीत त्यांचं क्षेत्रफळ असेल. पण कमान किती उंच, ओट्याला पायऱ्या किती, खिडकीवर नक्षी कसली, हे कोण लिहून ठेवणार?

मॉडेल करायला बसलेला माणूस हे लिहितो. त्याला लिहावंच लागतं, कारण त्याशिवाय पुढची वीट लावता येत नाही. तो टेप घेऊन जातो, फोटो काढतो, म्हाताऱ्या माणसांना विचारतो की आजोबा, इथे दार होतं का? खेळण्याच्या नावाखाली होणारं हे दस्तऐवजाचंच काम आहे. आणि आपल्या पिढीतल्या ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे, दोन दिवस सुट्टी आहे आणि गावी अजून एखादा वाडा उभा आहे, त्यांच्यासारखी सोय आधी कुणाकडेच नव्हती.

तेव्हा दिवाळीला गावी जाल तेव्हा टेप बरोबर ठेवा. गावातली एक वास्तू निवडा. फार मोठी नको, वेस किंवा पार चालेल. मोजा, काढा, फाइल करा आणि ती उघडी ठेवा. कुणीतरी नक्कल करेल. करू दे. अताउल्लानेही बापाची केलीच होती की.

असो. या वीकांताला एवढंच.